अनुदान हवंय? आधी हातातलं खुरपं खाली ठेवा

सरकारी शेती अनुदान मिळवायचं असेल, तर शेती करत बसू नका. त्यात वेळ जातो, कपडे मळतात आणि हाती फारसं काही लागत नाही. त्यापेक्षा जमीन नावावर करून घ्या, जमेल तेवढी. युरोपीय संघात थेट मदतीचा साधारण ८० टक्के पैसा २० टक्के लाभार्थ्यांकडे जातो, कारण पैसे मुख्यतः हेक्टरवर मोजतात, घामावर नाही. ब्रिटन संघात होता तेव्हा राणीच्या सँड्रिंगहॅम इस्टेटीलाही ही मदत मिळायची. पावसाची काळजी कुणाला सुटलीय?

इस्टेट नसेल तर एखादा प्लॉट बघा. टेक्सासमध्ये जुन्या भातखाचरांवर घरं बांधून राहणाऱ्यांना शेतीचं अनुदान मिळत असल्याचं 'वॉशिंग्टन पोस्ट'ने २००६ साली छापलं. तिथे पूर्वी भात पिकायचा, एवढं पुरेसं होतं. आता लॉन होतं. म्हणजे ना चिखल, ना लावणी. अंगणातलं गवत कापायचं आणि चेक बँकेत टाकायचा. ती योजना २०१४ च्या कायद्याने बंद झाली. पण हळहळू नका, तुम्हाला नातेवाईक आहेत ना?

अमेरिकेच्या २०१८ च्या शेती कायद्यात मुख्य पीक योजनांसाठी १,२५,००० डॉलरची मर्यादा होती. माणशी! मग माणसं वाढवा. भागीदारी काढली की मर्यादा भागीदारागणिक मोजली जाते. त्याच कायद्याने 'कुटुंबा'त पुतणे, भाचे, चुलत-मावस भावंडंही आणून बसवली. त्यांनी शेतात राबलंच पाहिजे असं नाही, 'व्यवस्थापन' केलं तरी चालतं. आता फोनवर "काय, कसं काय चाललंय?" असं विचारणं हेही व्यवस्थापनच की.

आणि मेलात तरी घाबरू नका. अमेरिकी सरकारच्याच लेखापरीक्षकांनी २००७ मध्ये हिशेब मांडला: १९९९ ते २००५ या काळात १,७२,८०१ मृतांच्या नावे १.१ अब्ज डॉलर गेले होते. इस्टेटीची वाटणी होईपर्यंत असे पैसे देण्याची नियमात सोय आहे, हे कबूल. पण यातले ४० टक्के पैसे मरून तीन वर्षं किंवा जास्त काळ लोटलेल्यांच्या नावे होते. मेल्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात ते हेच, फक्त इथे ते सरकार घरपोच देत होतं.

आता खरी कला: नाव झाकणं. त्यासाठी पीक विमा उत्तम. हप्त्यातला सरासरी ६० टक्क्यांच्या आसपास वाटा अमेरिकी सरकार भरतं, त्याला माणशी मर्यादा नाही, आणि कुणाच्या हप्त्यात सरकारने किती घातले याची नावानिशी यादीही निघत नाही. अनुदान घ्यायचं आणि विमा म्हणायचं.

युरोपात असाल तर खासगीपणाचा आधार घ्या. रकमेचा विचार न करता प्रत्येक व्यक्तीचं नाव सरसकट जाहीर करणं युरोपीय न्यायालयाने ९ नोव्हेंबर २०१० रोजी रद्द ठरवलं. कंपन्यांची नावं तेवढी उघडी राहिली. २०१३ च्या नियमांनी माणसांची नावं परत आणली, फक्त लहान शेतकऱ्यांची अगदी किरकोळ रक्कम वगळून. तरी धीर सोडू नका. प्रत्येक देशाचं संकेतस्थळ वेगळं, भाषा वेगळी. शोधणाऱ्याने ती सगळी पालथी घालून नाव हुडकलंच, तर हाती लागते एखादी कंपनी. तिच्यामागे कोण, ते त्याने दुसरीकडे जाऊन विचारावं. शिवाय नोंद दोनच वर्षं ठेवायची असते.

तेव्हा दोन वर्षं कळ काढा. मध्येच एखादा पत्रकार दारात आलाच, तर गवताची काडी दातात धरा, आभाळाकडे बघा आणि म्हणा, यंदा पावसाचं काही खरं दिसत नाही.