खोक्यावर १२,००० लक्स, मोबाइलवर १,४००: दोन स्टारच्या रिव्ह्यूला दुकानातर्फे उत्तर

नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: १२ वॅटच्या ग्रो बल्बच्या (घरात झाडं वाढवायच्या दिव्याच्या) खोक्यावर १२,००० लक्स (उजेडाचं माप) छापलंय, पण मोबाइलच्या अ‍ॅपवर जेमतेम १,४०० निघाले. महिनाभर रोज संध्याकाळी ७ ते ११ बल्ब लावला, तरी तुळस किडकिडीत झाली आणि खालची पानं पिवळी पडून गळली. शेजारच्या जेड प्लांटला काहीच फरक नाही. शिवाय पुण्याच्या तपकीर गल्लीत जांभळा दिवा निम्म्या किमतीत मिळतो, म्हणून ही ‘शुद्ध फसवणूक’ आहे. तुम्ही फोटो आणि आकडे दोन्ही दिलेत हे फार बरं केलंत. नुसतं ‘बकवास’ लिहिणाऱ्याला काय उत्तर देणार?

तुमचा आकडा बरोबर आहे. खोक्यावरचाही बरोबर आहे. १२,००० च्या खाली त्याच ओळीत ‘१५ सेमी अंतरावर’ असं छापलंय. तुमच्या फोटोत बल्ब वरच्या फळीला क्लॅम्पने अडकवलाय आणि फोन खालच्या फळीवर आहे. मधलं अंतर तुम्हीच दीड फूट लिहिलंय. दीड फूट म्हणजे ४५ सेमी, छापलेल्या अंतराच्या तिप्पट. बल्बचा प्रकाश अंतराच्या वर्गाने कमी होतो, म्हणजे तिप्पट अंतरावर नववा हिस्सा उरतो. १२,००० भागिले ९ केलं की १,३३३ येतात. तुम्हाला १,४०० मिळाले ते बहुधा मागच्या पांढऱ्या भिंतीमुळे. तिच्यावरून थोडा उजेड परत येतो. (दोन फुटी ट्यूब किंवा पॅनेल असेल तर जवळच्या अंतरात उजेड इतका झपाट्याने कमी होत नाही. हा हिशोब बल्बचा.)

आता मुख्य मुद्दा, तुळस का लांबली. लक्स हे माणसाच्या डोळ्यासाठी केलेलं माप आहे. झाड ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला प्रकाश वापरतं आणि तो मोजतात मायक्रोमोलमध्ये, दर चौरस मीटरला दर सेकंदाला. यालाच पीपीएफडी म्हणतात. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला साधारण ६५ ने भागायचं, उन्हासाठी ५४ ने. तुमचे १,४०० लक्स म्हणजे सुमारे २१ मायक्रोमोल. पुण्यात एप्रिलच्या भर दुपारी मोकळ्या गच्चीवर लाखभर लक्स असतात, म्हणजे १,८०० मायक्रोमोलच्या पुढे. तुळस त्या उन्हातलं झाड आहे.

पण नुसता पीपीएफडी बघूनही भागत नाही. नळाला जोर किती हा झाला पीपीएफडी. पाणी किती तास आलं आणि शेवटी बादली किती भरली हा डीएलआय, म्हणजे दिवसभरात मिळालेला एकूण प्रकाश, मोलमध्ये. हिशोब सोपा आहे: मायक्रोमोल गुणिले ३,६०० गुणिले तास, भागिले दहा लाख. तुमचे २१ मायक्रोमोल रोज ४ तास, म्हणजे दिवसाला ०.३ मोल. खोलीत खिडकीपासून दहा फुटांवर दिवसा १००-२०० लक्स असतात, त्याचे आणखी ०.१ धरा. एकूण ०.४. तुळशीला रोज १० ते १२ मोल लागतात. मनी प्लांट एखाद-दोन मोलांतही तग धरतो, म्हणून तोच बल्ब त्याच अंतरावर जास्त तास लावून ‘मस्त चालतोय’ म्हणणारेही भेटतात. मनी प्लांट काय, कशातही चालतो.

बल्ब १५ सेमीवर आणलात की १२,००० भागिले ६५, म्हणजे १८५ मायक्रोमोल. रोज १४ तास ठेवलात तर ९.३ मोल. बल्ब तोच. वीज दिवसाला १६८ वॅट-तास, महिन्याला पाच युनिट.

हे मोबाइलवर तपासायचं तर एवढं सांभाळा. रात्री मोजा, खोलीतली ट्यूब बंद करून, पडदे ओढून. बल्ब लावून पंधरा मिनिटं जाऊ द्या, कारण एलईडी तापला की उजेड थोडा उतरतो आणि मग स्थिरावतो. फोन फळीवर किंवा मातीवर ठेवू नका, सगळ्यात वरच्या पानांच्या उंचीला धरा. झाडाला लागतो तो उजेड तिथला. सेन्सर आडवा सपाट, तोंड वर. फोन हातात तिरका धरला की आकडा पडतो, आणि बहुतेक ‘कमी दाखवतंय’ तक्रारींचं मूळ तिथेच असतं. अँड्रॉइडचा सेन्सर पुढच्या बाजूला, कानाच्या स्पीकरजवळ असतो; प्रायव्हसी ग्लास लावली असेल तर ती चांगलाच उजेड खाते. आयफोनमध्ये अ‍ॅपना तो सेन्सर वापरता येत नाही, ती कॅमेऱ्यावरून अंदाज करतात. म्हणून कॅमेऱ्यावर साध्या प्रिंटरच्या कागदाचा एक पदर सपाट धरावा लागतो आणि अ‍ॅपमध्ये तशी सेटिंग निवडावी लागते. कागद विसरला तर आकड्याला अर्थ नाही. आकडा सारखा वरखाली नाचत असेल तर तो बल्बच्या ड्रायव्हरचा (एलईडीला वीज पुरवणाऱ्या आतल्या सर्किटचा) दोष असू शकतो. स्वस्त ड्रायव्हरमध्ये उजेड सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतो.

शिवाय एका जागी मोजून थांबू नका. मध्यावर एकदा आणि मग चारी बाजूंना मोजा. बल्ब १५ सेमी उंचीवर असताना १५ सेमी बाजूला सरकलात की मधल्या उजेडाचा साधारण चौथा हिस्सा उरतो. तुमचं जेड फोटोत तुळशीपासून फूटभर लांब आहे. दीड फूट उंचीवरून त्याला मधल्याच्या निम्मा उजेड मिळत होता. बल्ब खाली आणलात तर तेवढाही मिळणार नाही. एका १२ वॅटच्या बल्बखाली एकच कुंडी धरा. जेडसाठी दुसरा बल्ब घ्या असं आम्ही सांगणार नाही. ते गॅलरीच्या काचेला चिकटून ठेवा, फुकटात काम होईल.

जांभळ्या दिव्याबद्दल. त्याचा भाव कमी आहे हे खरं, आणि तो झाड वाढवतो हेही खरं. पण मोबाइलने त्याची आणि पांढऱ्याची तुलना करू नका. त्यात लाल ६६० नॅनोमीटरच्या आसपास आणि निळा ४५० च्या आसपास असतो. डोळा सर्वांत संवेदनशील असतो ५५५ ला. ६६० ला ती संवेदना ६ टक्के राहते, ४५० ला ४ टक्क्यांच्याही आत. लक्सच्या हिशोबात हा दिवा फार फिका दिसतो, ६५ ने भागून काढलेलं उत्तर साफ चुकतं. त्याला थेट पीपीएफडी मोजणारा क्वांटम मीटरच हवा. आमची नापसंती वेगळ्या कारणाने आहे. त्या उजेडात पान पिवळं पडलंय, कोळी लागलाय की पांढरी माशी, काहीच ओळखू येत नाही. बैठकीच्या खोलीत डोळ्यांना त्रास होतो तो वेगळाच. आणि घेणार असाल तर खोक्यावरचे ‘१०० वॅट’ बघू नका, प्लगमधून प्रत्यक्ष किती वॅट ओढतो ते विचारा.

पिवळ्या पानांचं कारण मात्र बल्ब नसावा. रिव्ह्यूत तुम्ही रोज सकाळी तांब्याभर पाणी घालत असल्याचं लिहिलंय. उन्हातल्या वृंदावनाला ते चालतं. ०.४ मोलवर बसलेली तुळस तेवढं पाणी पितच नाही. माती ओली राहते, मुळं कुजतात, खालून पानं पिवळी होतात आणि मातीवर बारीक काळी चिलटं फिरू लागतात. बोटाचं एक पेर मातीत घालून बघा, कोरडं लागलं तरच पाणी. पूजेचं पाणी पळीभर पुरतं.

आता करायचं ते. बल्ब लगेच १५ सेमीवर आणू नका; अंधारात वाढलेलं पान एकदम तेवढा उजेड सोसत नाही, पांढुरकं पडतं. आधी ३० सेमी, चार-पाच दिवसांनी २०, मग १५. उघड्या होल्डरवर आतून पांढरी शेड चढवा, बाजूला वाया जाणारा उजेड खाली येईल. टायमर सॉकेट लावून सकाळी ६ ते रात्री ८ ठेवा. मेकॅनिकल टायमर असेल तर लाइट गेली की तो तेवढा मागे पडतो, पुन्हा जुळवावा लागतो. रात्रभर चालू ठेवून भरपाई करायला जाऊ नका, झाडाला अंधारही लागतो. लांबलेल्या फांद्या परत आखूड होत नाहीत. दोन-तीन पेरं ठेवून वरचा शेंडा खुडा, खालून नवी फूट येईल ती जवळजवळ पेरांची असेल. तीन आठवड्यांनी नव्या फुटीत पेरांमधलं अंतर बघा, जुन्या भागाकडे बघू नका. बल्बवर धूळ बसते, आजूबाजूला बांधकाम असेल तर फारच. महिन्यातून एकदा बंद करून, गार झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा.

आमचं स्पष्ट मत विचाराल तर तुळस घरात ठेवूच नये. तुमच्या गॅलरीच्या सरकत्या काचा दिवसा उघड्या ठेवता आल्या आणि तिथे तीन-चार तास ऊन येत असेल, तर बल्ब फळीवरच्या मनी प्लांटला द्या आणि तुळस बाहेर काढा. बल्ब हा ऊन मिळतच नसेल तेव्हाचा उपाय आहे.

राहिला फसवणुकीचा प्रश्न. बल्ब घेऊन दुकानात या. काउंटरवर क्वांटम मीटर आणि लक्स मीटर दोन्ही आहेत. पट्टीने १५ सेमी मोजून, पंधरा मिनिटं तापवून तुमच्यासमोर आकडा घेऊ. तुमचा मोबाइलही शेजारी ठेवा, म्हणजे त्याचं अ‍ॅप किती टक्के कमी-जास्त दाखवतं ते कळेल आणि पुढे घरी त्याच फरकाने आकडे दुरुस्त करून वापरता येतील. १०,८०० च्या खाली, म्हणजे छापलेल्यापेक्षा दहा टक्क्यांहून कमी निघाला तर बल्ब बदलून देऊ, नको असेल तर पैसे परत. बिल नसलं तरी चालेल, होल्डरजवळ बॅच नंबर असतो. क्लॅम्प आणि वायर आणायची गरज नाही, फक्त बल्ब पुरे.