आधी चालवून बघ, मग लिही

आज दिवसभर फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घेतले. डोकं तापलंय. आल्या आल्या टाइप करायला बसलेय, एखादा शब्द वावगा गेला तर सांभाळून घ्या.

दुपारी एक मुलगा आला. रेझ्युमेवर सगळ्यात वर ठळक अक्षरांत 'टेक्निकल ब्लॉगर', खाली लिंक. मी लिंक उघडणाऱ्यांपैकी आहे. उघडली. चाळीसेक लेख. डॉकर, कुबरनेटीस, ब्लॉकचेन, मायक्रोसर्व्हिसेस, 'पायथनच्या दहा युक्त्या ज्या तुम्हाला कुणी सांगणार नाही'. (सगळेच सांगतात हो.) त्या गर्दीत एक लेख देवनागरी मजकुरात सर्च कसा करावा यावर. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, आपल्या लिपीतल्या भानगडीत कुणीतरी हात घातलाय. लेख वाचायला घेतला. उदाहरणाला आडनाव होतं कुऱ्हाडे.

हे आडनाव त्या लेखात कुठून आलं ते मला चांगलं माहीत आहे. या विषयात कुऱ्हाड्यांना मीच ओढलंय.

जुन्या मित्रांना ही गोष्ट पाठ आहे, नव्यांसाठी सांगते. सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचं काम तेव्हा आमच्याकडे होतं. सभासदांची जुनी यादी युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. ती कन्व्हर्टरमधून काढून युनिकोडमध्ये आणली. नवे सभासद तिथल्या क्लार्क काकू इन्स्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीवर टाइप करायच्या. वार्षिक सभा तोंडावर आलेली, लाभांशाची यादी काढायची, आणि मॅनेजरांचा फोन. "अवो मॅडम, कुऱ्हाडे हितं यादीत दिसाय लागलेत की समोर. आन् शोधा दाबलं की तुमचं मशीन न्हाई म्हणतंय." गेले. खरंच तसं. यादीत कुऱ्हाडे, सर्चमध्ये शून्य. काकूंनी तर सापडत नाहीत म्हणून एका कुऱ्हाड्यांची नव्याने नोंदही करून टाकलेली, म्हणजे एकाच माणसाला दोनदा लाभांश.

आमची सर्च साधी होती, स्ट्रिंगला स्ट्रिंग जुळवणारी. पुढच्या-मागच्या स्पेस काढल्या. नाही. एनएफसी नॉर्मलायझेशन केलं, म्हणजे दोन तऱ्हांनी साठवलेलं अक्षर एका साच्यात आणायची युनिकोडची ठरलेली पद्धत. नाही. शेवटी वैतागून दोन्ही नावांची लांबी प्रिंट केली. एकाची ८, दुसऱ्याची ९. दिसायला हुबेहूब. मग एकेक कोडपॉइंट, म्हणजे अक्षराचा युनिकोडमधला क्रमांक, छापला तेव्हा उलगडा झाला. आपला तो अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. इन्स्क्रिप्टवर ऱ ला स्वतःची जागा आहे, तिथून येतो ०९३१ आणि मागे हलन्त. कन्व्हर्टरने घातला होता साधा र, म्हणजे ०९३०, मग हलन्त, मग २००डी. हा २००डी म्हणजे झिरो विड्थ जॉइनर. ज्याला रुंदीच नाही ते स्क्रीनवर दिसणार कसं?

कोडपॉइंट छापून बघायचं मला सुचलं ते केरळातल्या एका डेव्हलपरच्या लेखामुळे. मल्याळममध्ये चिल्लू अक्षरं असतात, म्हणजे स्वर नसलेली व्यंजनं. पूर्वी ती व्यंजन, हलन्त आणि हाच जॉइनर अशी लिहायचे. २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये त्यांना स्वतंत्र कोडपॉइंट मिळाले. जुन्या फायली जुन्या पद्धतीच्या, नव्या नव्या. म्हणजे त्यांचेही कुऱ्हाडे हरवलेले! मला मल्याळमचं एक अक्षर वाचता येत नाही, पण त्या भल्या माणसाने काय काय करून बघितलं आणि त्यातलं काय काय चाललं नाही हे ओळीने लिहून ठेवलं होतं. माझ्या उपयोगाचा भाग तोच. उत्तर त्याच्या भाषेचं होतं, फसलेले प्रयत्न आम्हा दोघांचे सारखे होते.

म्हणून कुऱ्हाड्यांवर मी लेख लिहिला तेव्हा त्यातही फसलेले प्रयत्न ठेवले. एनएफसी का चालत नाही यावर एक अख्खा परिच्छेद होता. प्रोग्रामरांच्या ज्या ऑनलाइन कम्युनिटीवर तो छापला तिथल्या संपादकांनी सुचवलं की हा भाग कापा, वाचकाला उत्तर हवं असतं. नाही कापला. वाचकाला उत्तर हवं असतं हे मान्य, पण तो रात्री अकरा वाजता सर्च करतो तेव्हा चुकीच्या वाटेवर अर्धा तरी गेलेला असतो. त्याला तिथे भेटायला नको का कुणी? पुढे नेपाळमधून एकाचं पत्र आलं. त्याच्याकडे प्रीती या युनिकोडआधीच्या नेपाळी फॉन्टमधल्या जुन्या फायली. नेपाळीत 'गर्‍यो' हा शब्द पावलोपावली येतो आणि त्यात हाच अर्धा र. त्यानेही एनएफसी करून बघितलं होतं, आणि माझा तो परिच्छेद वाचल्यावर पुढचे प्रयोग थांबवले होते. कुठे सांगलीची पतसंस्था आणि कुठे काठमांडू! असे लेख लिहिण्याचे पैसे मला कधी मिळाले नाहीत. असली पत्रं मिळाली.

तर, त्या मुलाच्या लेखात कुऱ्हाडे होते. ८ आणि ९ होते. आणि खाली ऐटीत उपाय: 'एनएफसी नॉर्मलायझेशन करा, दोन्ही नावं एकसारखी होतील.'

म्हणजे मी जे चालत नाही म्हणून लिहिलं, तेच उपाय म्हणून. लेख कुठल्यातरी एआयला खायला घातला, 'नव्याने लिहून दे' म्हणून सांगितलं, त्याने फसलेले प्रयत्न गाळले आणि त्यातलाच एक उचलून उत्तराच्या जागी बसवला. वाक्यरचना काय सुरेख! माझ्यापेक्षा चांगलं इंग्रजी.

मी विचारलं, "हे चालवून बघितलंस?"
"मॅडम, कन्सेप्ट तोच आहे ना."

लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला. एनएफसी केलं, ८ आणि ९. गडबडला. मग पठ्ठ्याने एनएफडी (एनएफसीच्या उलट, अक्षरं फोडून मांडणारी पद्धत) करून बघितलं, तर दोन्हींची लांबी ९! चेहरा खुलला. म्हटलं, आता बरोबरीचं चिन्ह टाकून तपास. फॉल्स. एनएफडीने ऱ फोडून र आणि नुक्ता (खालचं टिंब) केला. तिकडे जॉइनर होता तसाच. आकडे जुळले, नावं नाही. हे मी त्याला आधी सांगू शकले असते. मुद्दाम नाही सांगितलं.

लेख उचलला याचं मला काही नाही. खोटं कशाला बोलू, आहे थोडं. पण नाव न देता उचलणारे पूर्वीही होते. आमच्या कॉलेजच्या काळात कोडप्रोजेक्ट होतं, प्रोग्रामरांच्या लेखांची साइट, १९९९ पासूनची. लेखाबरोबर सोर्स कोडची झिप, आणि खाली 'माय व्होट ऑफ ५' अशा प्रतिक्रियांची रांग. तिथले लेख शब्दशः ढापून स्वतःच्या साइटवर लावणारे कमी नव्हते. पण ते निदान जसंच्या तसं ढापायचे हो! झिप उघडली की कोड चालायचा. चोरीचा असला तरी चालायचा. आताचा माल धुऊन, इस्त्री करून येतो आणि चालत नाही. शिवाय सर्चमध्ये माझ्या लेखाच्या वर. उद्या साताऱ्यात कुणी कुऱ्हाडे शोधत बसला की याच्या नादाने रात्र घालवणार, आणि शेवटी युनिकोडलाच शिव्या देणार.

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटने डिसेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटीने लिहिलेल्या उत्तरांवर बंदी घातली तेव्हा आपल्यातल्याच काहींनी दात काढले होते, म्हातारे घाबरले म्हणून. त्यांनी दिलेलं कारण कुणी नीट वाचलं का? ही उत्तरं दिसायला बरोबर वाटतात, बऱ्याचदा चुकीची असतात आणि ती तयार करायला कष्ट लागत नाहीत, हे कारण होतं. तपासायला मात्र माणूसच लागतो, तोही फुकट राबणारा. चुकीचं उत्तर चुकीचं दिसलं तर तेवढा त्रास नाही. माझा राग त्या इस्त्रीवर आहे.

आणि यांना हे शिकवतं कोण? 'रोज एक लेख टाका, पर्सनल ब्रँड बनवा' म्हणून सांगणारे महाभाग. लिंक्डइनवर हात बांधून फोटो असतो ना, ते. काही कॉलेजांत लेखांना मार्क देतात म्हणे, आकड्यावर. आकडा मागितलात, आकडा मिळाला! चाळीस लेख कसले लिहिता विसाव्या-बाविसाव्या वर्षी? कुठे एवढे आपटलात? मला इतकी वर्षं झाली, सांगण्यासारखं ज्यात काही आहे असे विषय माझ्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यातला एक कुऱ्हाडे.

हो, इंग्रजीचा मुद्दा माहीत आहे. मराठी माध्यमातून आलेल्या पोराला एआयने वाक्यं दुरुस्त करून दिली तर मला ते चालतं, मीही कधीतरी घेते. झालं समाधान?

आता त्या मुलाबद्दल. चिडले होते त्याच्यावर, पण पुढचं ऐका.

प्रश्न संपले, म्हणून रिवाजाप्रमाणे विचारलं, आणखी काही सांगायचंय? म्हणाला, मामाचं मार्केट यार्डात अडतीचं दुकान आहे, तिथं एक छोटंसं काम केलंय. शेतकऱ्याला द्यायची हिशेबाची पट्टी मराठीत छापायची होती. प्रिंटर थर्मल, दोन-अडीच हजारवाला, ५८ मिलिमीटर कागदाचा. त्याला मराठी पाठवली की प्रश्नचिन्हं यायची. मग याने पट्टीचं चित्र करून पाठवायला सुरुवात केली. पायथनमध्ये पिलो ही चित्रं बनवायची लायब्ररी (तयार कोड) वापरून मजकूर चित्रावर काढायचा आणि ते चित्र छापायचं. तर 'किलो' उलटं! वेलांटी क च्या आधी यायच्या ऐवजी नंतर, जोडाक्षरं फुटलेली. आणि पट्टीवर दर ओळीला किलो. मामा म्हणाला, गिऱ्हाईक हसतंय. दोन दिवस शोधून याला कळलं की पिलो साधेपणी देवनागरीची जुळणी करतच नाही, त्याला राक्म नावाची लायब्ररी जोडावी लागते. जोडली, किलो सरळ झाला. पुढे उजवीकडची रक्कम कापली जायला लागली. का, तर त्या कागदावर एका ओळीत ठिपके मावतात ३८४ आणि याचं चित्र होतं ४०० चं.

मी बघतच राहिले. हा मुलगा बोलताना हातवारे करत होता! टेबलावर बोटाने कागदाची रुंदी दाखवत होता. मघाचा 'कन्सेप्ट तोच आहे' म्हणणारा हाच का?

"यावर का नाही लिहिलंस रे?"
"यात काय लिहायचं मॅडम? हे तर दुकानाचं काम. लोक कुबरनेटीस वाचतात."

आता यावर कुणावर चिडू, सांगा. ज्या कुबरनेटीसवर हजारो जण लिहितात त्यावर याचे चार लेख, चारही न चालवलेले. आणि राज्यातल्या बाजार समित्यांमध्ये कितीतरी दुकानांत जो प्रिंटर प्रश्नचिन्हं छापत बसलाय, त्याचा इलाज याच्या खिशात, आणि ते याला लिहिण्यासारखं वाटत नाही. पोराला कुणी सांगितलंच नाही की लेख यालाच म्हणतात. कुठला प्रिंटर, पायथनचं कुठलं व्हर्जन, काय छापून आलं, काय केल्यावर बदललं, पूर्ण चालणारा कोड, आणि वाकड्या 'किलो'चा एक फोटो. झाला लेख. प्रस्तावनेत 'आजच्या वेगवान डिजिटल युगात' घालायची गरज नाही.

सांगितलं त्याला. ते चाळीस राहू देत नाहीतर काढ, तुझी मर्जी; कुऱ्हाड्यांचा मात्र आज रात्री दुरुस्त कर, आणि मूळ लेखाची लिंक दे. मूळ लेख कुणाचा ते त्याला तोवर माहीत नव्हतं. सांगितल्यावर बिचाऱ्याचा चेहरा बघवेना, मग मीच चहा मागवला. नोकरीचं काय झालं ते विचारू नका, ते आमच्या पॅनेलचं आहे, फेसबुकचं नाही.

आणि तुम्ही, माझ्या यादीतले. कोण कोण आहात मला माहीत आहे. एकाने अर्धं आयुष्य जुन्या फॉन्टमधल्या फायली युनिकोडमध्ये आणण्यात घातलंय. वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर ठेवणाऱ्या फॉन्टमधून शब्द परत कसा जुळवायचा हे त्याला झोपेत येतं, आणि एक ओळ लिहिलेली नाही. एक मैत्रीण बँकेच्या रात्रीच्या बॅच सांभाळते. 'वेळ नाही गं' म्हणू नका, इथे राजकारणावर दोन-दोन पानं लिहिता ते वाचते मी.

कच्चा मसुदा मला पाठवा, मराठीत असला तरी चालेल. शनिवारी सकाळी वाचते. इंग्रजी करून देते, कम्युनिटीवर कसा चढवायचा तेही सांगते. फक्त कृपा करून एररचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो पाठवू नका. एरर टेक्स्टमध्ये पाठवा. कॉपी करता येतो हो तो.