स्मिथ म्हणजे लोहार

पुतण्याला आडनाव बदलायचंय. 'लोहार' काढून गावाच्या नावाला 'कर' जोडायचं. राजपत्राचा फॉर्मही भरून ठेवलाय. आडनाव ऐकलं की लोक लगेच जात काढतात, असं तो म्हणतो. खोटं नाही, मीही ते सोसलंय. पण सही करण्याआधी त्याने एवढं वाचावं, म्हणून ही पोस्ट.

इंग्लंडमध्ये सगळ्यात जास्त लोकांचं आडनाव स्मिथ. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियातही तेच. स्मिथ म्हणजे धातू ठोकून घडवणारा, आपला लोहार. तेराव्या-चौदाव्या शतकात तिकडे गावोगाव जॉन आणि विल्यम इतके झाले की नुसत्या नावाने माणूस ओळखू येईना. मग कपडे शिवणारा टेलर झाला, छपरं शाकारणारा थॅचर, आणि भात्यापुढे बसणारा स्मिथ. नाल, फाळ, कोयता, बिजागरी, सगळं त्याच्याकडूनच यायचं, त्यामुळे तो गावोगाव असायचाच. जर्मनांचा श्मिट, हंगेरीचा कोवाच, अरबांचा हद्दाद, सगळे आपलेच भाऊबंद.

एक स्मिथ आपल्याकडेही येऊन गेला. २८ एप्रिल १८१९ ला शिकारीच्या नादात इंग्रज फौजेतला जॉन स्मिथ अजिंठ्याच्या लेण्यांपाशी पोचला. दहा नंबरच्या लेण्यात त्याने बोधिसत्त्वाच्या चित्रावर स्वतःचं नाव आणि तारीख खरवडली. तेव्हा आत राडारोडा साचला होता, त्यावर उभा राहून त्याने हे केलं. म्हणून ती अक्षरं आज आपल्या डोक्याच्या वर दिसतात. या स्मिथचं मला कौतुक नाही.

माझा स्मिथ त्याच वर्षी लंडनमध्ये कर्जापायी तुरुंगात होता. विल्यम स्मिथ, ऑक्सफर्डशायरमधल्या चर्चिल गावच्या लोहाराचा मुलगा. आठव्या वर्षी बाप गेला, शिक्षण जेमतेम. सॉमरसेटमध्ये कोळसा वाहायच्या कालव्यासाठी मोजणी करताना त्याच्या लक्षात आलं, की खडकाच्या प्रत्येक थरात ठरावीक जीवाश्म सापडतात आणि थरांचा क्रमही मोडत नाही. मग वर्षानुवर्षं देश पालथा घालून १८१५ मध्ये त्याने इंग्लंड-वेल्सचा भूगर्भीय, म्हणजे कुठे कोणता खडक ते दाखवणारा नकाशा छापला. एका संबंध देशाचा एवढा तपशीलवार नकाशा त्याआधी कुणी केला नव्हता. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटी या भूगर्भशास्त्राच्या संस्थेतल्या खानदानी मंडळींनी मात्र त्याला आपल्यात घेतलं नाही. उलट त्यांच्यातल्या ग्रीनोचा वेगळा नकाशा १८२० मध्ये आला. १८३१ मध्ये त्याच सोसायटीला आपला सर्वोच्च मान असलेलं पहिलं वोलास्टन पदक विल्यमलाच द्यावं लागलं.

हे वाचताना मला माझे वडील, दादाच दिसतात. दादा चौथी शिकलेले. विळ्याला पाणी देताना सगळं लक्ष पात्यावर. तापलेल्या पोलादावर रंग सरकत यायचा. वाळल्या गवतासारखा पिवळा धारेपाशी पोचला की त्याच क्षणी सांडशीतला विळा पाण्यात. जरा उशीर झाला तर धार मऊ, घाई केली तर पातं तडकणार. अख्ख्या गावाचे विळे त्यांनी नुसत्या नजरेवर घडवले. बलुत्याची पायली मात्र त्यांना खळ्याच्या कडेला उभं राहूनच मिळायची, हेही मी पाहिलंय.

तिकडच्या स्मिथला आज कुणी बापाचा धंदा विचारत नाही. आपल्याला विचारतात. यात खोट विचारणाऱ्याची आहे, आडनावाची नाही, असं मला मनापासून वाटतं.

बाळा, सही करायचीच असेल तर कर, मी रागावणार नाही. पण त्याआधी एकदा गावी ये. भाता फाटलाय, ऐरण अजून जागेवरच आहे.