खरा धोका १९०० सालात नाही
एक्सेल १९०० हे लीप वर्ष धरते, ही तारखांच्या हिशेबातील सर्वांत घातक चूक आहे, हे लेखातील विधान मला पटले नाही. लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रॅमशी सुसंगती राखण्यासाठी ठेवलेला २९ फेब्रुवारी १९०० हा अस्तित्वात नसलेला दिवस आजच्या दोन तारखांमधील अंतर मुळीच बिघडवत नाही.

ठाण्यातील आमच्या गृहनिर्माण संस्थेचा हिशेब तपासताना मला खरा धोका दिसला तो दिवस-महिन्याच्या क्रमात. संगणकावर तारखेची अमेरिकी पद्धत (आधी महिना, मग दिवस) निवडलेली असल्यामुळे एका सभासदाने ५ एप्रिलला भरलेला मेंटेनन्स ४ मे रोजी जमा झाल्याचे नोंदले गेले आणि त्याच्या माथी २९ दिवसांचे जादा व्याज बसले. १३/०४ सारखी नोंद, तेरावा महिनाच नसल्याने, निदान मजकूर म्हणून डावीकडे सरकलेली दिसते. उलटलेली तारीख मात्र कोणताही इशारा न देता हिशेबात मिसळून जाते, आणि नेमका हाच मुद्दा लेखात राहून गेला आहे.