आभाळाला ठिगळ, जहाजाला टेप

‘आभाळच फाटलं तर ठिगळ कुठं लावायचं?’ असं ज्यानं पहिल्यांदा विचारलं त्याच्या हाताशी डक्ट टेप नव्हता. तुमच्या आहे. म्हणूनच क्रूझची बॅग भरायला बसलेल्या घरच्यांनी एकीकडे औषधं, टोप्या, पोहायचे कपडे यांचे ढीग लावलेले असताना तुम्ही हत्यारांच्या डब्यातून तो चंदेरी रोल काढून आणता आणि दोन सदऱ्यांच्या मध्ये हळूच सरकवता. कुणीतरी विचारतंच, ‘हा कशाला?’ तुम्ही म्हणता, ‘असू दे.’ एवढंच म्हणा. खुलासा करू नका. खुलासा करायला गेलात की रोल परत डब्यात जातो.

खरी अडचण वेगळी आहे आणि ती तुम्हाला आणि मला ठाऊक आहे. क्रूझवर तुमच्यासारख्या खटपट्या माणसाला काही कामच नसतं. गादी कुणीतरी घालतं, टॉवेलचा हत्ती करून कुणीतरी पलंगावर बसवतं, नळ गळत नाही, आणि चुकून गळलाच तर फोन केल्यावर माणूस येतो. जहाजावर सुतार असतो, प्लंबर असतात, वीजतंत्रज्ञ असतात, गाद्या-पडद्यांची शिवण बघणारेसुद्धा असतात. घरी तुम्ही गेली वीस वर्षं ज्या कामांच्या जोरावर सोफ्यावर पाय वर घेऊन बसलात, ती सगळी कामं इथं पगारी माणसं करतात. सात दिवस नुसतं समुद्राकडं बघायचं? अशानं माणूस आजारी पडेल. रोल सोबत घ्याच.

एक की अनेक, हा पुढचा प्रश्न. ‘आयकॉन ऑफ द सीझ’ हे 2024 साली प्रवासी घेऊन निघालेलं जहाज सुमारे 365 मीटर लांब आहे. मोठा रोल 55 मीटरचा येतो. म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंत एक पट्टी मारायची झाली तर सात रोल लागतील. सफर सात रात्रींची. दिवसाला एक. एवढा नेमका हिशोब जुळत असताना सामानाच्या वजनाबद्दल कुरकुर करणाऱ्यांकडं लक्ष देऊ नका. काही मिळमिळीत स्वभावाची माणसं दोन-तीन मीटर टेप जुन्या पेन्सिलीवर गुंडाळून नेतात, ती खिशातही मावते. ही माणसं छत्रीही घडीची वापरतात.

जाण्याआधी फाडण्याचा सराव करा. डक्ट टेप म्हणजे वर पॉलिथिन, खाली रबरी डिंक आणि मध्ये विरळ कापडी जाळी. त्या जाळीचा धागा धरून झटका दिला की पट्टी फर्रकन सरळ रेषेत फाटते. तिरकी फाटली तर अंगठा चुकला. कात्री मागणाऱ्या माणसानं खटपट्या म्हणवून घेऊ नये. त्याला गिफ्टांवर कागद चढवायला बसवावं.

पहिल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर अनोळखी मंडळी बसलेली असतील. कुठले, किती दिवसांची सुट्टी, मुलं काय करतात, हे सगळं सूप येईपर्यंत संपतं. मग तुमची वेळ. व्हेस्टा स्टाउट यांच्यापासून सुरुवात करा. अमेरिकेत इलिनॉयमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात त्या पेट्या तपासत. दोन मुलगे नौदलात. पेट्यांवरची कागदी पट्टी उघडताना फाटते आणि ऐन लढाईत सैनिकाचा वेळ जातो, हे त्यांनी वरिष्ठांना सांगून पाहिलं. कुणी हललं नाही, तेव्हा फेब्रुवारी 1943 मध्ये त्यांनी थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना पत्र लिहिलं, सोबत आकृती काढून: पट्टी मजबूत कापडाची करा. झाली. नौदलातल्या पोरांच्या आईनं सुचवलेली वस्तू समुद्रावर नेताना लाजायचं कशाला, हा मुद्दा मुख्य जेवण येईपर्यंत टेबलावर ठसवा.

मग चंद्राकडं वळा. एप्रिल 1970, अपोलो 13. हवा शुद्ध करणारे चौकोनी डबे गोल जागेत बसेनात. प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, नळ्या आणि हा टेप लावून यानातल्या तिघांचा श्वास चालू ठेवला. त्यानंतर डिसेंबर 1972, अपोलो 17. चंद्रावरच्या गाडीचा मडगार्ड तुटला, टेपनं दुरुस्त केला. इथं थांबा. त्या पहिल्या दुरुस्तीचा टेप धुळीमुळे धरला नाही आणि तुकडा गळून पडला, मग नकाशे एकमेकांना टेपनं जोडून, क्लॅम्पनं आवळून नवा मडगार्ड करावा लागला, हे सांगण्याची गरज नाही. आणि 1998 साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेनं डक्टचे, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या नळांचे, सांधे बुजवण्याचे निरनिराळे प्रकार तपासले तेव्हा सपशेल नापास झाला तो डक्ट टेपच, हे तर कुणाच्या बापाला कळू देऊ नका. ज्या कामाचं नाव लावून फिरतो तेवढं एकच काम त्याला जमत नाही. असं माणसांच्या बाबतीतही होतं. आपण बोलतो का?

निघण्याच्या दिवशी मस्टर ड्रिल असतं. धोक्याचा भोंगा सात वेळा आखूड आणि एकदा लांब वाजतो, तो ऐकला की कुठं जमायचं आणि लाइफ जॅकेट कसं चढवायचं, ते दाखवतात. सोलास नावाच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली हे सक्तीचं आहे. त्या कराराचा पहिला मसुदा टायटॅनिक बुडाल्यावर, 1914 मध्ये झाला. टायटॅनिकवर टेप असता तर, असा विचार त्या वेळी तुमच्या मनात येईल. हात वर करून विचारू नका. मी एकाला विचारताना पाहिलं आहे. अधिकारी हसला नाही.

आता केबिन. आत शिरल्या शिरल्या तुम्ही काहीतरी भिंतीवर चिकटवायला जाल: टोपी अडकवायचा आकडा, दिवसभराच्या कार्यक्रमाचा कागद, ओला टॉवेल. तेवढ्यात शेजारच्या केबिनमधल्या बाई सांगतील की जहाजाच्या खोल्यांच्या भिंती बहुतेक पोलादी असतात, चुंबकाचा आकडा नुसता टेकवला की झालं. त्यांनी अशा आकड्यांचा अख्खा संच आणलेला असतो. दारावरही त्यांनी चुंबकाची मासोळी लावलेली असते, कारण लांबलचक बोळातली सगळी दारं सारखीच दिसतात. अनेक कंपन्या दारावर चुंबक चालवून घेतात, चिकटवलेलं काही चालवून घेत नाहीत, रंग निघतो. या बाईंशी वाद घालू नका. ज्या वस्तूचा डाग उरत नाही त्या वस्तूवर प्रेम कसलं करायचं?

तुमची खरी रात्र दुसरी. जहाज मोकळ्या समुद्रात येतं, थोडं डुलायला लागतं आणि अडीचच्या सुमाराला कानावर येतं: टक्. मग शांतता. मग पुन्हा टक्. घरचे झोपलेले. तुम्ही उठता. जन्मभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो हाच. कपाटातले हँगर एकमेकांवर आपटत असणार. हँगरांची मोळी बांधा. टक्. न्हाणीघरातला ग्लास कडीत हलत असेल. ग्लास चिकटवा. टक्. छताचा पत्रा? पलंगावर उभे राहा, जोडीदाराच्या पोटरीवर पाय देऊ नका, आणि शिवणीवर दोन आडव्या पट्ट्या ओढा. टक्. कपाटाचं दार, टीव्हीचा कोपरा, टेलिफोन, सुरक्षापेटीचं झाकण, पडद्याची दांडी. साडेतीनपर्यंत खोली चंदेरी झालेली असते आणि तुम्ही घामाघूम. टक्.

जोडीदार जागा होतो. दिवा लावतो. छताकडं पाहतो, टेलिफोनकडं पाहतो, तुमच्याकडं पाहत नाही. उठून टेबलाचा खालचा खण उघडतो आणि त्यातून दुसरा रोल बाहेर काढतो. जहाज डावीकडं कललं की हा घरंगळत डावीकडं, उजवीकडं कललं की उजवीकडं. टक्. तो रोल आडवा ठेवून जोडीदार झोपी जातो. सकाळपर्यंत दोघांत जे संभाषण होत नाही ते फार महत्त्वाचं असतं.

तिसऱ्या दिवशी एसी. खोलीत गारठा आहे आणि थर्मोस्टॅट फिरवून कमी करणं हे तुमच्या शानेला शोभणारं नाही, तेव्हा हवेच्या जाळीवर टेप मारा. चार पट्ट्या एकावर एक. थंड जाळीवर दव धरतं आणि ओल्या जागी डक्ट टेप टिकत नाही, त्यामुळे पहाटे कधीतरी एक पट्टी अलगद सुटते, गारेगार, डिंकाची बाजू खाली करून, आणि सरळ कपाळावर येऊन बसते. ज्यांना भुवया नकोशा झाल्या असतील त्यांना हा उपाय मनापासून सुचवतो.

जाता जाता एक सांगतो, आणि एवढं वाक्य गमतीत घेऊ नका: धूर ओळखणाऱ्या यंत्राला हात लावायचा नाही. भर समुद्रात बाहेरून अग्निशमन दल येत नाही, तिथं खलाशीच अग्निशमन दल असतात आणि त्यांना आग कळते ती त्या यंत्रामुळेच. बाकी सगळीकडं आपलं राज्य.

डेकवर तर आहेच. पोहण्याच्या तलावाकाठच्या खुर्च्या पहाटेच टॉवेल टाकून अडवायच्या आणि अकरा वाजता उगवायचं, ही जगभरच्या पर्यटकांची एकमेव समान संस्कृती आहे. पण अर्ध्या-पाऊण तासानं कर्मचारी बेवारशी टॉवेल उचलून नेतात. तुमचा टॉवेल उचलला जाणार नाही. चारी कोपरे, मध्ये एक फुली. कर्मचारी ओढून बघेल, पुन्हा ओढून बघेल, मग मुकादमाला बोलावेल. अकरा वाजता तुम्ही ऐटीत याल तेव्हा खुर्चीभोवती सहा माणसं उभी असतील आणि उन्हानं डिंक वितळून टॉवेल, खुर्ची आणि टेप यांचा एकजीव झालेला असेल. खुर्ची मोकळी मिळाली, हे मात्र कुणी नाकारू शकणार नाही.

एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल की जहाज काही केल्या बिघडत नाही. मन खट्टू होतं. अशा वेळी फेब्रुवारी 2013 आठवा. कार्निव्हल ट्रायम्फ या जहाजाच्या इंजिनघरात आग लागली, वीज गेली आणि चार हजारांवर माणसं मेक्सिकोच्या आखातात अडकली. संडास तुंबले. लोकांनी डेकवर चादरींचे तंबू ठोकले. शेवटी टगबोटींनी ओढत जहाज किनाऱ्याला लावलं. तुम्ही ही हकिगत वाचताना एकच प्रश्न विचारता, चादरी कशानं जोडल्या होत्या? बाकी कुणाला हा प्रश्न सुचत नाही. म्हणून तुम्हाला रात्री कुणी बोलावत नाही.

शेवटच्या संध्याकाळी सोलणं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि टेप निघाला तरी डिंक जात नाही. थोडं तेल चोळून, पाच मिनिटं थांबून, मऊ फडक्यानं पुसलं तर बराच निघतो. पण तुम्ही नखानं खरवडणार, मग चमच्यानं, मग दाढीच्या पात्यानं. टेलिफोनवर जी राखाडी रांगोळी उरेल तिची नोंद केबिनच्या खात्यावर होऊ शकते. बिल आलं तर जपून ठेवा. ‘मी केलेली दुरुस्ती’ याचा लेखी पुरावा माणसाला सहसा मिळत नाही.

आणि मग बॅगा. आदल्या रात्री चिठ्ठ्या बांधून त्या दाराबाहेर ठेवायच्या असतात, त्या परस्पर धक्क्यावर पोचतात. तुमची बॅग हजारांत ओळखू यायला हवी. उरलेला सगळा टेप तिच्याभोवती गुंडाळा: उभे पाच वेढे, आडवे पाच, कुलपावर तीन. शेवटचा वीतभर उरला तोही चाकावर मारा. हात झटका. बॅग बाहेर ठेवा. झोपा.

सकाळी उठल्यावर आठवतं की अंगावरच्या पायजम्याखेरीज सगळे कपडे त्या बॅगेत आहेत. हरकत नाही. पायजमा हाही कपडाच आहे. जोडीदार तुमच्यापासून बारा माणसं मागं उभा राहतो, तेही समजून घ्या. रांग पुढं सरकते, उतरायच्या पुलाशी तुम्ही ओळखपत्र दाखवायला दोन्ही हात वर करता आणि नाडी तुटते.

एक हात पायजम्यावर. दुसरा हात सवयीनं रोलकडं जातो. रोल नाही.

दारातला खलाशी, विशीतला पोरगा, तुमच्याकडं एकदा बघतो. कमरेच्या पट्ट्याला अडकवलेला चंदेरी रोल काढतो, हातभर पट्टी ओढतो आणि धागा धरून झटका देतो. फर्रकन. सरळ रेषेत. ‘हात वर करा, सर,’ म्हणतो आणि तुमच्याभोवती वेढा घ्यायला लागतो.