टाकी फुल झाली की

सोसायटीत एकदा कुणी ‘यांचं मराठी चांगलंय’ म्हटलं की माणूस संपला. तेव्हापासून गणपतीच्या वर्गणीपासून जिन्यातल्या चपलांपर्यंत सगळ्या सूचना माझ्या गळ्यात. गेल्या महिन्यात सेक्रेटरींनी कागद पुढे केला. "जरा नजर घाला. एकच ओळ आहे."

ओळ होती : ‘टाकी फूल झाली की पंप ताबडतोब बंद करावा.’

"कसलं फूल? मोगऱ्याचं?"

"फुल हो! इंग्रजी फुल."

"मग फु ऱ्हस्व हवा. दीर्घ लिहिलात तर टाकी एकतर उमलते, नाहीतर एप्रिल फूल होते."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले. म्हणाले, नियम दाखवा. नियम होता, पण नेमका त्यांच्या बाजूचा. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम : १९६२ सालचे चौदा, १९७२ साली वाढलेले चार. त्यांत अकारान्त शब्दाचा उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरा, उकार दीर्घ : मूल, सून, फूल. सूट फक्त तत्समांना, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांना. म्हणजे फुल मराठीत मुरला असं धरलं तर दीर्घच. आणि मुरला नाही म्हणायला तोंड कुठंय? बाह्या फुल, चार्जिंग फुल, एसटीचं तिकीट फुल. तेराव्या वर्षी हाफ तिकिटावर पाय आखडून बसलेल्या माझ्याकडे बघून कंडक्टर "फुल काढा" म्हणाला, तेव्हा आईनं "उंचीवर जाऊ नका हो" म्हणून पाहिलं होतं. मिसरुडाचं मात्र तिला काही सुचलं नाही.

"बिल आणि पिन ऱ्हस्वच लिहितो ना आपण?" मी शेवटचा मुद्दा टाकला.

एवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आल्या. त्या नाटकवेड्या. "फुल्ल लिहा की! हाऊसफुल्लला असतं तसं, ल ला ल जोडून." संस्कृतात फुल्ल म्हणजे उमललेलं, प्रफुल्लमधलं तेच. तिकीट खिडकीवर तो बोर्ड लागताना निर्मात्याचा चेहरा पाहिला की ही व्युत्पत्ती पटते. सेक्रेटरींना पटली नाही. "फुल्ल म्हणजे पिऊन आलेला. टाकीवर भलता आळ नको."

मग मी म्हटलं, मराठी शब्दच घालू. तुडुंब? ती विहीर. खचाखच बस, तट्ट पोट, डोळे डबडबलेले. काठोकाठ त्यातल्या त्यात बरा, पण गच्चीवरच्या त्या झाकणबंद काळ्या टाकीला काठ शोधायचा कुठं? शिगोशीगवर माझा फार जीव. पायलीच्या तोंडावर धान्याचा जो निमुळता ढीग राहतो, ती शीग. पाण्याला शीग येत नाही म्हणतात. आमच्या टाकीला येते. ती पाइपातून सरळ खालच्या स्कूटरींवर उतरते.

रात्री साडेदहाला मजकूर ठरला : ‘पाणी वाहू लागण्याआधी पंप बंद करावा.’ ना फूल, ना फुल, ना फुल्ल. लॅमिनेशन झालं, पंपाच्या बटणावर चिकटवला. वॉचमनमामांनी अक्षरांवर बोट फिरवत सावकाश वाचला.

"वाहायच्या आधी म्हंजी कधी, सर?"

"टाकी फुल झाली की."

"मग तसंच लिवायचं की!"