न्यूट्रलमध्ये घाट उतरणाऱ्या ‘खऱ्या ड्रायव्हर’साठी

परवा पसरणीचा घाट उतरताना मी भाच्याच्या शेजारी बसलो होतो. त्याची गाडी ड्युअल क्लचची, म्हणजे गिअर आपोआप बदलणारी; सेकंडहँड, पण जोरदार. पाचगणी मागे पडली, उतार लागला आणि पठ्ठ्याने दांडा सरळ ‘एन’वर ढकलला. इंजिनाचा आवाज बसला, गाडी मात्र सुसाट. प्रत्येक वळणाआधी ब्रेक, वळणात ब्रेक, वळण संपल्यावर पुन्हा ब्रेक. मी ओरडलो तेव्हा कुठे तो गिअरमध्ये आला. वाईत चहाला उतरलो तर पुढच्या चाकांपाशी करपल्यासारखा वास. हे कुणी शिकवलं, विचारलं, तर मोबाइल पुढे केला. ‘वाच मामा, सगळ्या ग्रुपवर फिरतंय.’

‘स्पोर्ट्स कार मॅन्युअलच का घ्यावी’ असा तो मेसेज. सहा मुद्दे आणि शेवटी ‘खरे मर्द असाल तर पुढे पाठवा’. आधीच सांगतो, माझी स्वतःची गाडी मॅन्युअल आहे आणि पुढचीही तीच असेल. म्हणूनच जास्त चिडलोय. आपल्या बाजूने असली वकिली नको.

सुरुवात त्या घाटापासून. मेसेज म्हणतो, ‘डीसीटीला इंजिन ब्रेकिंग नसते. उतारावर न्यूट्रल करा. क्लच वाचतो, पेट्रोलही वाचते.’ डीसीटी म्हणजे ही ड्युअल क्लचच, आणि इंजिन ब्रेकिंग म्हणजे पाय उचलल्यावर इंजिनानेच गाडीला आवर घालणं. ड्युअल क्लचमध्ये एकदा गिअर पडला की क्लच घट्ट चिकटलेला असतो. चाकं आणि इंजिन तेव्हा एकमेकांना बांधलेली, अगदी मॅन्युअलसारखीच. घसरतच नाही तो क्लच झिजेल कसा? तो झिजतो गाडी हलवताना, आणि चढावर ब्रेक न लावता अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवलीत तर. पेट्रोलचं म्हणाल, तर कार्ब्युरेटरच्या पद्मिनीत न्यूट्रलने थोडं वाचायचं, हे कबूल. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत उलटं आहे. गिअरमध्ये असताना पाय उचलला की पेट्रोल तोडलं जातं आणि इंजिनाला चाकंच फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून पेट्रोल द्यावंच लागतं. म्हणजे वाचवायला गेलात आणि जाळून आलात.

आणि ब्रेक? गाडीचा सगळा वेग एकट्या ब्रेक पॅडवर आला की ते तापतात, फार तापले की पकड सोडतात. पेडल दाबलेलं असतं, गाडी थांबत नाही. ‘ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर’ हे आपल्याकडे ट्रक शिकणाऱ्या पोरालाही पहिल्या आठवड्यात सांगतात. डीसीटीत ते आणखी सोपं आहे: दांडा मॅन्युअल मोडला घ्या किंवा स्टिअरिंगमागची डावी पट्टी, म्हणजे पॅडल, ओढा, दुसरा-तिसरा धरून ठेवा. ‘डी’वरच सोडलीत तर काही गाड्या वरचा गिअर टाकून मोकळ्या होतात आणि गाडी धरल्यासारखी वाटत नाही. मेसेजवाल्याचा गैरसमज बहुधा तिथूनच आलाय. पण त्यावर उपाय खालचा गिअर, न्यूट्रल नव्हे.

दुसरा मुद्दा, ‘डीसीटी म्हणजे साधी ऑटोमॅटिकच, निम्मी ताकद टॉर्क कन्व्हर्टर खातो.’ टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे साध्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिनाची ताकद तेलामार्फत पुढे देणारा भाग, नसतोच हो त्यात. दोन क्लच असतात: एकाकडे १-३-५, दुसऱ्याकडे २-४-६. तिसऱ्यात पळताना चौथा आधीच लागलेला असतो. एक क्लच सुटतो, दुसरा धरतो. आतली दातेरी चाकं मॅन्युअलच्याच जातीची. पोर्शेने ही यंत्रणा ९५६ आणि ९६२ या रेसगाड्यांत ऐंशीच्या दशकातच घासून घेतली होती, १९८६ मध्ये मोंझाला शर्यतही जिंकली. पोर्शेच्या रस्त्यावरच्या ९११ या स्पोर्ट्स कारमध्ये ती आली २००८ ला.

तिसरा मुद्दा सगळ्यांचा लाडका: ‘कसलेला ड्रायव्हर मॅन्युअलवर डीसीटीला धूळ चारतो.’ इथे वाद घालायचीही गरज नाही, कारण एकच गाडी दोन्ही गिअरबॉक्सांत विकणाऱ्या कंपनीचेच आकडे आहेत. २०२१ ची ९११ जीटी३ घ्या. तेच चार लिटरचं इंजिन, तीच ५१० पीएस ताकद. ० ते १०० किलोमीटर वेगाला पीडीके, म्हणजे पोर्शेचा ड्युअल क्लच, ३.४ सेकंद घेतो, मॅन्युअल ३.९. तेही मॅन्युअल १७ किलोंनी हलकी असून. कितीही कसलेला हात असला तरी क्लच दाबून दांडा हलवेपर्यंत चाकांकडे जाणारी ताकद तुटतेच. पीडीकेत ती जवळजवळ तुटत नाही. हो, मॅन्युअलचा कमाल वेग ३२० आणि पीडीकेचा ३१८ आहे. तेवढ्या दोन किलोमीटरचा आनंद ज्याला घ्यायचाय त्याने घ्यावा.

आता चौथा. हा वाचून मला खरंच हसू फुटलं. ‘पीडीकेमुळे जीटी३ ला आगी लागल्या, म्हणून पोर्शेने घाबरून मॅन्युअल परत आणला.’ आगी लागल्या होत्या, खोटं नाही. २०१४ मध्ये पोर्शेने ७८५ गाड्या थांबवल्या आणि सगळ्यांची इंजिनं बदलून दिली. इंजिनं! इंजिनातल्या कनेक्टिंग रॉडचा बोल्ट सैल होत होता. त्यात गिअरबॉक्सचा काय दोष? घरात शॉर्टसर्किट झालं म्हणून नळाला बोल लावण्यासारखं झालं हे.

मॅन्युअल परत आला हेही खरंच, पण कारण वेगळं. २०१३ ची जीटी३ फक्त पीडीकेवर आली तेव्हा शौकिनांनी नाकं मुरडली. २०१६ मध्ये फक्त मॅन्युअलची ९११ आर निघाली, अवघ्या ९९१ गाड्या, आणि लोकांनी त्यावर उड्या टाकल्या. २०१७ पासून जीटी३ ला मॅन्युअल पुन्हा मिळायला लागला, कारण लोकांना तो हवा होता. ट्रॅकसाठी त्याहून कडक जी जीटी३ आरएस आहे, ती त्यानंतरही पीडीकेवरच येते.

‘फॉर्म्युला वनवाले अजून हातानेच गिअर टाकतात’ हा पाचवा. १९८९ ला नायजेल मॅन्सेल या ड्रायव्हरने ब्राझीलमध्ये स्टिअरिंगवरच्या पॅडलने गिअर बदलणारी फेरारी जिंकवली. पुढे काय बोलणार? (तिकडचा आजचा गिअरबॉक्स ड्युअल क्लचही नाही, म्हणजे दुसऱ्या बाजूच्यांनीही फुशारकी मारू नये.)

सहावा मुद्दा खर्चाचा, आणि इथे मला मान खाली घालावी लागते. डीसीटी बिघडली तर खिसा कापते. कोरड्या, म्हणजे तेलात न बुडवलेल्या क्लचवाल्या तर ट्रॅफिकमध्ये इंच-इंच सरकवल्या की तापतात. भाच्यालाही सांगितलंय, पुढची गाडी हलेल तेव्हा थोडी फट पडू दे, मग एकदम नीट पुढे घे. मॅन्युअलचा क्लच गल्लीतला मेकॅनिकही बदलून देतो, हे सुख मोठं आहे.

रात्री तो मेसेज मी बहिणीला, म्हणजे त्याच्या आईला, वाचून दाखवला. वीस वर्षं ती मॅन्युअल चालवतेय, रोज नाशिक फाट्यावरून जाते. ‘खरे मर्द’पर्यंत आलो तेव्हा तिने एवढंच विचारलं, ‘ह्या माणसाचा डावा गुडघा दुखत नाही का रे?’